गुलाबीच्या गळ्यातला गोळा

"टेकलीय बाई ही," कामाला येणाऱ्या कांताबाईने कोंबडीच्या छातीवरून हात फिरवला आणि डाळीला भाव काय चाललाय ते सांगावं तितक्या सहज सांगून टाकलं. "आज कापली तर कामाला यील. उद्याला नुस्ती पुरायची."

नीरजाबाई मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर जुनी चादर, चादरीत गुलाबी. गुलाबी म्हणजे एक पांढरी कोंबडी. तिच्या गळ्याखाली, छातीला लागून, एका बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला होता. लिंबाएवढा म्हणजे ईडलिंबाएवढा. दोन दिवस ती दाण्याला तोंड लावत नव्हती. मान लांब करायची, काहीतरी गिळायला बघायची आणि जमलं नाही की डोळे मिटून उभी राहायची.

"कापायची कशी, कांताबाई?"

"मंग काय करायची? कापून खावी तर तुमी खात न्हाई, मरू द्यावी तर तुमाला बघवत न्हाई. पाळली कशापायी मंग?"

याला उत्तर होतं, पण ते सध्या अमेरिकेत होतं.

चार वर्षांपूर्वी, मुलाने, सलिलने, वाघोलीत हे रो-हाउस घेतलं त्या उन्हाळ्यात, दारावर रंगीत पिल्लंवाला आला होता. टोपलीत हिरवी, पिवळी, गुलाबी पिल्लं, जणू कुणी होळी खेळून आलेली. नात मैत्री टोपलीपाशी फतकल मारून बसली ती उठेना. शेवटी अस्मिताने, म्हणजे सुनेने, सासऱ्यांकडे न बघता चार पिल्लं घेतली. ही पिल्लं जगत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, गोपाळकृष्णांना तर फारच. "आठवड्याचा प्रश्न आहे," ते म्हणाले. तिघांनी त्यांचा शब्द राखला. चौथं राहिलं. त्याचा रंग उडाला, पिसं पांढरी झाली, तुरा आला, आणि मूळच्या शनिवार पेठेतल्या, तीन पिढ्या कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य असलेल्या घरात एक कोंबडी नांदू लागली. नाव गुलाबीच राहिलं. अंडी कांताबाई घरी न्यायची. गोपाळकृष्ण 'अंडं' हा शब्द उच्चारत नसत. "तिने ते दिलंय," एवढंच सांगत आणि पेपर वर करत.

मग सलिलला कंपनीने ऑनसाइट पाठवलं. सहा महिन्यांसाठी गेले ते तिघं, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. दर रविवारी सकाळी फोन यायचा. सलिल तब्येत विचारायचा, अस्मिता हवा सांगायची आणि मग पलीकडून कुजबुज ऐकू यायची, "बोल ना आजीशी." मैत्री यायची. "हाय आजी." "कशी आहेस गं?" "फाइन." शाळा? फाइन. जेवलीस? येस. आणि मग तो सगळा खडखडाट थांबून एकदम विचारायची, "आजी, गुलाबी काय करतीये?"

तिथून पुढे मराठी. फोन कोंबडीजवळ धरायचा आणि मैत्रीने तिकडून तिला रागवायचं, चुचकारायचं, गोष्ट सांगायची. गुलाबीला इंग्लिश येत नाही असं तिने एकदा ठरवून टाकलं होतं. आजी-आबांना येतं हेही तिला ठाऊक होतं. तेव्हा सगळ्या पुण्यात तिला मराठी बोलायची गरज पडावी असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते आत्ता चादरीत डोळे मिटून बसलं होतं. वार शुक्रवार होता.

"येक सांगू?" कांताबाईने आवाज खाली आणला. "आमच्या भावकीतल्या गेनबाकडं पांढऱ्या लई हायेत. दुसरी आणून ठिवू. पोरीला फोनवर काय कळतंय."

नीरजाबाईंनी क्षणभर विचार केला, खोटं कशाला बोला. पण त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती. पुढे एसटीडीचे पिवळे बूथ गल्लोगल्ली झाले, लोक आपले आपण नंबर फिरवू लागले आणि त्यांच्या बोर्डावर कापड पडलं. पण तोवर त्या एवढं शिकल्या होत्या की फोनवर खोटं बोलणारा माणूस आधी एक जास्तीचा श्वास घेतो. तो श्वास तारेतून नीट ऐकू येतो. मैत्रीचे कान तर आजीवरच गेले होते.

"नको," त्या म्हणाल्या. "आधी विचारते कुणालातरी."

जनावरांच्या दवाखान्याचा नंबर त्यांनी दुसऱ्या फोनला मिळवला. ही विद्या अजून गंजली नव्हती.

"किती पक्षी आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक."

"आजारी एक. एकूण किती?"

"एकूणच एक."

"मांसाची का अंड्यांची?"

"घरची," त्या म्हणाल्या.

डॉक्टर मात्र भला माणूस निघाला. ते पोट नव्हे, म्हणाला, दाणा आधी साठतो ती गळ्याखालची पिशवी. दाबून बघा. पाण्याने भरल्यासारखी लागते का? घट्ट? मग काहीतरी अडकलंय, लांब गवत नाहीतर काथ्या असं काही. दाणा बंद ठेवा, पाणी असू द्या. कोमट गोडंतेल चोचीच्या कडेने थेंब थेंब, घाई केलीत तर श्वासात जाईल. मग पिशवी हलक्या हाताने चोळायची, दिवसातून चारपाच वेळा. उलटी धरून ओकवायला जाऊ नका, त्यानेच मरतात. "आणि सकाळी उठल्यावर हात लावून बघायचं. सकाळी ती पिशवी रिकामीच हवी. सोमवारपर्यंत नाही झाली तर आणा, चीर देऊन काढू. तोवर टिकली तर."

कांताबाई पुढच्या कामाला निघून गेली. नीरजाबाईंनी पळीत तेल कोमट केलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की कोंबडी धरायला दोन हात लागतात, चोच उघडायला एक आणि तेल सोडायला एक.

"अहो, जरा येता का?"

गोपाळकृष्ण दारात आले. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर त्यांनी खडकवासल्याच्या पाण्याची पातळी रजिस्टरात उतरवली होती आणि आता ते टँकरच्या पाण्यावर दिवस काढत होते. "वाघोली हे पुणे नव्हे, पुण्याचा फक्त पिनकोड आहे," असं ते आल्यागेल्याला ऐकवत.

"तिला धरायचंय."

"मी?"

"शेजारच्यांना बोलावू का? मागे बर्ड फ्लूच्या वेळी सोसायटीने नोटीस लावली होती. आजारी आहे म्हटलं तर आनंदाने येतील."

गोपाळकृष्णांनी आत जाऊन पंचा आणला, तो हातांना गुंडाळला आणि बॉम्ब उचलावा तशी कोंबडी उचलली. गुलाबीने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. चार वर्षांत ही दोघं एवढी जवळ कधी आली नव्हती.

"चमच्याने सांडतंय," ते थोड्या वेळाने म्हणाले. "माझ्या टेबलाच्या खणात ड्रॉपर आहे. शाईचा. धुऊन घे, नाहीतर निळी व्हायची. एकदा रंगवून झालीय ती."

ड्रॉपरने जमलं. एक थेंब, गिळली. दुसरा थेंब, गिळली. मग नीरजाबाईंनी पिशवी चोळायला घेतली. घट्ट मळलेल्या कणकेसारखी लागत होती. सलिल तान्हा असताना पोट दुखून रडायचा तेव्हा हिंग लावून असंच फिरवत बसायच्या त्या, आणि तेव्हाही हे असेच शेजारी उभे असायचे, मदतीला म्हणून, चेहरा पाडून.

झाल्यावर गोपाळकृष्णांनी आंघोळ केली. दुपारी पुन्हा तेल, पुन्हा चोळणं, पुन्हा आंघोळ. दिवेलागणीला तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांनी नुसते हात धुतले.

"आंघोळ?" नीरजाबाईंनी विचारलं.

"टँकरचं पाणी आहे," ते म्हणाले. "उगाच कशाला."

शनिवारी सकाळी पिशवी तशीच होती. जरा मऊ वाटली, पण ते बोटांना वाटलं की मनाला, कोण जाणे. गुलाबी टोपलीत अंग फुगवून बसली होती. गोपाळकृष्णांनी पोहे बाजूला सारले. "तिला उपाशी ठेवायचं आणि आपण समोर बसून खायचं," ते म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं.

दुपारच्या चोळण्यात काहीतरी बदललं. कणकेत आता दोऱ्या-काड्या जाणवत होत्या, वेगवेगळ्या. गुलाबीने मान झटकली. परत झटकली. तिच्या चोचीच्या कडेला काहीतरी लाल दिसलं.

"रक्त," गोपाळकृष्ण म्हणाले. त्यांचा पंच्यातला हात ढिला झाला.

"नाही. धरा नीट."

रक्त नव्हतं. दोरा होता. नीरजाबाईंनी ओढला नाही, नुसता चिमटीत धरला. गुलाबी मान झटकत राहिली तसा तो आपसूक सरकत आला आणि त्याच्या टोकाला गाठ मारलेल्या, तेलात भिजलेल्या लांबलचक हिरव्या काड्यांचा पुंजका चादरीवर पडला.

दूर्वा होत्या. लाल दोऱ्याने बांधलेली जुडी.

गेल्याच आठवड्यात संकष्टी झाली होती. गोपाळकृष्ण दर संकष्टीला स्वतः दूर्वा निवडत, स्वतः लाल दोऱ्याने जुड्या बांधत. आणि निर्माल्य घंटागाडीत देत नसत. "देव काय कचरा आहे?" म्हणून ते सगळं मागच्या जास्वंदीच्या बुंध्याशी, स्वतः खड्डा करून, श्रद्धेने पुरत. श्रद्धा खोल होती, खड्डा तेवढा नव्हता.

नीरजाबाईंनी जुडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. नवरा जास्वंदीकडे बघत होता. तिथली माती छान उकरलेली होती.

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. चाळीस वर्षांत असे प्रसंग फार थोडे आले होते, की चूक त्यांची आहे आणि पुरावा चादरीवर पडलाय. पण ते कोंबडीला जरुरीपेक्षा जास्त सांभाळून धरत होते.

"अजून थोडं तेल देऊ," त्या म्हणाल्या.

"देऊ," ते म्हणाले.

रविवारी सकाळी नीरजाबाईंना जाग आली तेव्हा शेजारची गादी रिकामी होती. मागचं दार उघडं. पायरीवर गोपाळकृष्ण उकिडवे बसले होते. पंचा नाही, काही नाही. उघड्या हाताने, दोन बोटांनी, गुलाबीच्या गळ्याखाली चाचपत होते. गुलाबी उभी होती आणि त्यांच्या धोतराच्या सोग्यावर चोच मारून बघत होती, हे खाण्यापैकी आहे का.

त्यांनी वर पाहिलं. गळा खाकरला. आणि खात्याच्या आवाजात, फोनवर वरच्या साहेबांना कळवावं तसं, म्हणाले, "पातळी उतरली."

नीरजाबाई दारातच खाली बसल्या. त्यांना हसू आलं आणि ते मध्येच कुठेतरी ओलं झालं, म्हणून त्यांनी पदराने नाक पुसलं. मग उठून मऊ भात कालवला, घोटून, अगदी तान्ह्या पोरासारखा. गुलाबीने चार घास खाल्ले, पाचव्याला वाटी उलटी केली. म्हणजे बरी होती.

फोन वेळेवर वाजला. सलिलने तब्येत विचारली. अस्मिताने बर्फ पडतोय म्हणून सांगितलं. मग सलिल परत फोनवर आला आणि बोलायच्या आधी त्याने एक जास्तीचा श्वास घेतला.

"आई, बहुतेक इकडचं वाढतंय. दोनेक वर्षं. नक्की नाही अजून."

नक्की होतं. तो श्वास नीरजाबाईंच्या ओळखीचा होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "तब्येतीला जपा. मैत्रीला दे."

"हाय आजी."

"कशी आहेस गं?"

"फाइन. आजी, गुलाबी काय करतीये?"

"तिला जरा बरं नव्हतं. आता बरी आहे. भात सांडून बसलीये."

"सांडला? थांब, मला दे तिला."

गोपाळकृष्णांनी गुलाबीला उचललं, काखेत धरलं आणि फोनपाशी आणलं. पलीकडून मैत्री तिला भात सांडण्याबद्दल रागवू लागली. चांगली घसघशीत पुणेरी मराठी, आबांच्याच सुरात. "तुला काही कळतं का? इथे बर्फ पडतोय आणि तू भात सांडतेस?" गुलाबीने ऐकून घेतलं आणि एकदाच, खर्जात, "कॉक" केलं.

"आजी, ती बोलली," मैत्री म्हणाली.

कांताबाई सोमवारी आली ती थेट मागच्या दारी गेली. गुलाबी जास्वंदीखाली पाय फाकून उकरत होती. "जगली की," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशा होती, पण फार नाही. "तुमच्या द्येवानंच वाचिवली म्हना."

"तर," नीरजाबाई म्हणाल्या. "त्याचाच हात होता त्यात."

आतून पेपर जरा वर सरकल्याचा आवाज आला.

पुढची संकष्टी आली. दूर्वा निवडल्या गेल्या, जुड्या बांधल्या गेल्या, आरती झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नीरजाबाई चहा गाळत होत्या. मागच्या पायरीवर गोपाळकृष्ण पेपर पसरून बसले होते. मांडीशी निर्माल्याचं तबक, हातात त्यांची, म्हणजे नीरजाबाईंची, शिवणातली कात्री. दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देत नसत त्या. ते एकेक जुडी सोडवत होते. दोरा बोटाला गुंडाळून खिशात टाकत होते आणि दूर्वा कोथिंबिरीसारख्या बारीक, अगदी बारीक कापत होते. घाई नव्हती. हाराच्या फुलांतूनही दोरा ओढून काढत होते.

"अगं, थांब जरा," ते म्हणाले.

नीरजाबाईंनी गाळणं खाली ठेवलं. "काय हो?"

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ते बायकोशी बोलत नव्हते. त्यांच्या पायाशी गुलाबी मान वाकडी करून उभी होती.