व्हॅनमध्ये देवी रडली, मग मी रडलो

केदारखेड्यात माझ्या अंगणात सकाळी सकाळी एवढी माणसं कधी जमली नव्हती, माझ्या लग्नातसुद्धा नाही. सगळे माझ्या व्हॅनच्या दाराशी रांगेत उभे. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या तांब्या, एकानं तर दुधाची किटलीच आणली होती. आत देवीच्या पितळी मुखवट्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं आणि बद्रीनाथ महाराज ते चमच्यानं वाटत होते. गाडीमालक म्हणून पहिला चमचा माझा. मी बियाणं कंपनीतून निवृत्त झालेला, स्वतःला मोठा हिशेबी समजणारा माणूस. पण फुकट मिळालेली वस्तू तपासायची नाही, एवढाच माझा हिशेब.

ही पूर्वी शाळेची व्हॅन. तिच्यात झोपायची सोय करून मी आणि बायको दैवशाला देश हिंडणार होतो. व्हिडिओ बघून मी पत्र्याला आतून फोम चिकटवला. फोम मिळाला भोकरदनला, चपला शिवणाऱ्याकडं. दैवशालानं तो बोटानं दाबला आणि निकाल दिला, की देवीच्या पाठीमागं चपलेचं रबर लागणार न्हाई. मी म्हटलं, बराबर. देवीपुरता चौकोन उघडा ठेवला आणि मुखवटा थेट पत्र्यावर स्क्रूनं कसला. बायको खूश, वर फोमही वाचला.

गाडीच्या पूजेला आलेले बद्रीनाथ महाराज थंडी बघून गाडीतच मुक्कामी राहिले, सोबत भजनाची मंडळी. सकाळी देवी रडली. आमचं देश हिंडणं तिथंच संपलं. रडत्या देवीला गिअर टाकून फिरवणार कोण?

"माय कळवळून राह्यली, लेकरांनो," महाराज डोळे मिटून सांगायचे. "खिडकी उघडू नका. वारा लागला की माय उठून जाती. जितके लोक बसतील, तितकी माय पाझरती."

आणि खरंच तसं व्हायचं. दाटीवाटीनं बसलेल्या रात्रीनंतर धार लागायची. माणसं कमी असली की नुसते थेंब.

हसण्यावारी गेलं असतं, पण माझी थोरली बहीण नंदाबाई बीपीच्या गोळ्या घेते. औषध आणि तीर्थ एका पोटात नांदत न्हाई, असं महाराज म्हणाले आणि अक्कानं गोळ्या फडताळात टाकल्या. मग एका सकाळी ती चक्कर येऊन गाडीच्या दाराला धरून खाली बसली. तिची सून तृप्ती भोकरदनला शाळेत विज्ञान शिकवते. तिनं डॉक्टरकडं नेलं. बीपी फार वाढलेलं, गोळ्या आजच सुरू करा, असं डॉक्टरांनी बजावलं. अक्का ऐकेना.

"मामा, त्या तुमचंच ऐकतात. तुम्ही सांगा," तृप्ती म्हणाली.

मी घसा खाकरला आणि रांग सरळ करायला निघून गेलो. उभ्या गावानं मला रामराव म्हणायला नुकतीच सुरुवात केली होती. ती इज्जत खिशातून काढून परत द्यायची माझी तयारी नव्हती.

तृप्तीनं मग माझा नाद सोडला. सगळ्यांसमोर महाराजांना हात जोडून तिनं विचारलं, की माय याच गाडीत, फक्त दुसऱ्या भिंतीला बसवली तर चालेल का? खिडक्या बंद, मंडळी तीच. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? माय कुठं पण पाझरती, असं महाराज बोलून गेले. तिनं मुखवटा फोमवर टांगला. उघड्या पत्र्यावर स्क्रूनं कसली ती निवृत्तीच्या सत्कारात मला मिळालेली, माझा चेहरा कोरलेली स्टीलची तबकडी.

सकाळी दार उघडलं. देवी कोरडी ठणठणीत. मी मात्र घळाघळा रडत होतो. नाकाच्या शेंड्याला थेंब लोंबत होता.

शेजारचा भागवत वाटी पुढं करता करता थांबला. "रामराव, तुमचं तीर्थ घेतं कोण?"

"माय रुसली," महाराज म्हणाले.

"रुसली तर रुसली," तृप्ती म्हणाली. "मंग मामा काहून रडून राह्यले?"

तिनं सगळ्यांना उघड्या पत्र्यावर हात ठेवायला लावला, मग फोमवर. पत्रा बर्फासारखा, फोम उबदार. आपल्या श्वासात वाफ असते, ती गार पत्र्यावर जाऊन पाणी होते, भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला होते तशी. पत्र्याला कसलेला मुखवटाही तसाच गार पडायचा. माणसं जास्त तेवढी वाफ जास्त, आणि खिडकी बंद ठेवली की ती जाणार कुठं?

"म्हंजे इतके दिवस आम्ही महाराजाचा श्वास पिलो?" भागवतनं विचारलं.

"सगळ्यांचाच. पण सगळ्यात जास्त घोरायचे महाराज."

महाराजांना जालन्याचं जरुरी काम आठवलं. चमचा घेऊन गेले.

अक्कानं तबकडीवरच्या माझ्या ओल्या चेहऱ्याकडं बघितलं. "राम्या, तू लहानपणी पण फुकटच रडायचास," असं म्हणून तिनं घरातून गोळी आणवली आणि माठातल्या पाण्यासोबत घेतली.

दैवशालानं स्वतःच्या हातानं तो चौकोन फोमनं बुजवला. आता मुक्कामाला आम्ही खिडकी बोटभर उघडी ठेवतो. वाचकहो, कुठं पाणी पाझरताना दिसलं, तर हात जोडायच्या आधी तिथं हात लावून बघा, आणि चालू गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. माझी तबकडी आता भाताच्या पातेल्यावर असते. रोज वाफेनं निथळते, पण वाटी घेऊन कुणी येत नाही.