उमेदवाराचा रकाना

एकतीस वर्षं मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. पोरं मला पाठीमागे ‘मतपेटी’ म्हणायची, कारण मी बुटकी, चौकोनी, आणि तोंड उघडलं की निवडणूक. नावाचा मला राग नव्हता. राग याचा यायचा, की ज्यांना असली चपखल नावं सुचतात ती पोरं नगरपालिकेच्या सभेला नेली की पेंगतात.

नेत मात्र होते मी, दरवर्षी. सभागृहाच्या मागच्या बाजूला नागरिकांसाठी चार बाकं असतात, तिथं त्यांना बसवायचे. समोर नगरसेवक गटाराच्या झाकणावरून अर्धा अर्धा तास भांडायचे आणि मी पोरांच्या कानाशी लागायचे, “बघा, हे असं ठरतं. तुम्ही तिथं का नाही बसायचं? एकवीस वर्षांचं वय लागतं आणि थोडा निलाजरेपणा. दुसरं भरपूर आहे तुमच्याकडे.” पोरं मान डोलवायची आणि मोबाइल बघायची. पालथ्या घड्यावर पाणी. वर्षाच्या शेवटच्या तासाला मी विचारायचे, “तुमच्यातलं कोण उभं राहणार?” कुणीतरी आगाऊ खरंच बाकावरून उभं राहायचं, वर्ग खिदळायचा आणि तास संपायचा.

आता मला कुणी लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणालं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं. चोविसाव्या वर्षी मी आमच्या वॉर्डातून अर्ज भरला होता. घरात कुणी आरडाओरडा केला नाही. दादा एवढंच म्हणाला, “आई दोन दिवस जेवलेली नाही. तू बघ काय ते.” मी बघितलं. माघारीच्या दिवशी गेले आणि अर्ज मागे घेऊन आले. माझा हात कुणी धरला नव्हता, आणि तेच सलतं. धरला असता तर जन्मभर त्याला शिव्या घालता आल्या असत्या. आई त्या दिवशी पोटभर जेवली.

तेव्हापासून सभागृहातल्या तिसऱ्या रांगेतली खिडकीजवळची खुर्ची, आमच्या वॉर्डाची, मी मागच्या बाकावरून बघत आले. तिच्यावर पाच माणसं बसून गेली. माहेरचं घर विकल्यावर बाई त्या घरावरून जाताना बघते ना, तशी बघायचे मी. लग्न केलं नाही त्याचं लोकांना वाईट वाटायचं. मला त्याचं कधी वाटलं नाही. मला खुर्चीचं वाटायचं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. अंगानं बारीक आणि प्रश्न टोचणारे, म्हणून मी तिला टाचणी म्हणायचे. सभेला नेलं तेव्हा ती पेंगली नाही. परत येताना तिनं विचारलं, “मॅडम, आपल्या वॉर्डाचे ते काका तीन तासांत एकदाही बोलले नाहीत. त्यांना बोलता येतं ना?” ती माझ्याच वॉर्डातली, दोन गल्ल्या सोडून राहणारी. शेवटच्या तासाला मी नेहमीचं विचारलं आणि मागच्या बाकावरून ती उठली.

मी म्हटलं, “बस खाली. थट्टा दरवर्षीची झाली.”

“उभी राहते मॅडम.”

“राहिलीसच की. आता बस.”

“तशी नाही. निवडणुकीला.”

वर्ग हसला. मी हसले नाही. त्या दिवशी घरी जाऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती बसून होते.

पुढच्या वर्षी निवडणूक लागली. टाचणीच्या वडिलांनी सगळा राग माझ्यावर काढला होता, “त्या मतपेटीनंच हिच्या डोक्यात भरवलंय.” म्हणून तिनं मला मुद्दाम लांब ठेवलं. अर्जावर उमेदवाराबरोबर एक सूचक लागतो, म्हणजे हिचं नाव मी सुचवतो अशी सही करणारा त्याच वॉर्डातला मतदार, आणि त्याला सोबत हजर राहावं लागतं. शेजारचा शिंपी तयार झाला होता. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी त्याला कुणीतरी चहाला बोलावलं आणि चहा पिऊन आल्यावर त्याची कंबर धरली.

पावणेदोनला ती माझ्या दारात. “मॅडम, तीनपर्यंत मुदत आहे. वडिलांना काय वाटायचं ते वाटू दे. याल?”

याल म्हणे! मी कपाटातले चांगले कपडे काढले, चपला पुसल्या, केस दोनदा विंचरले. ती दारात उभी राहून घड्याळ बघत होती. “मॅडम, सूचकाचा फोटो लागत नाही,” ती म्हणाली. चावटच आहे.

निवडणूक कचेरीत रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा अडीच वाजून गेले होते. टेबलाशी बसून तिनं अर्ज माझ्यापुढे सरकवला. तिचं नाव, तिचा पत्ता, सुंदर अक्षर. “खाली सही करा मॅडम,” ती म्हणाली आणि पिशवीतून वयाचा दाखला शोधायला लागली. मी पेन घेतलं आणि सही केली. बरीच वर्षं इतकी झोकदार सही मी केली नव्हती.

अधिकाऱ्यानं कागद उचलला, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

“उमेदवार कोण?”

“मी,” टाचणी म्हणाली.

“मग उमेदवाराच्या रकान्यात यांची सही कशी?”

मी वाकून बघितलं. सूचकाचा रकाना कोरा होता. आयुष्यभर पोरांना तो अर्ज फळ्यावर काढून दाखवलेली बाई मी. कान तापले माझे.

“दुसरा कोरा अर्ज द्या,” मी म्हटलं.

“वाटप दोनला बंद झालं.” माणूस वाईट नव्हता. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेतीन. “नाव एकीचं, सही दुसरीची. एक काहीतरी बदला. नाव तरी, नाहीतर सही तरी. त्याच कागदावर तसं लिहून द्या, मी मान्य करतो. पण तीनच्या आत.”

टाचणी माझ्याकडे बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, “मॅडम, तुम्ही राहा उभ्या. खरंच. मी सूचक होते. मला पुढच्या वेळी आहेच की.”

मनापासून म्हणत होती हो. आणि खोटं कशाला बोलू, मला हवं होतं. निवृत्त झालेली, कुणाच्या जेवण्या-न जेवण्याला बांधलेली नाही, वॉर्डातलं घर न् घर मला ओळखतं. खिडकीजवळची ती खुर्ची मला इतकी स्पष्ट दिसली की तिच्या हाताचा उडालेला रंगसुद्धा दिसला. पाच मिनिटं मी मनातल्या मनात त्या खुर्चीवर बसून घेतलं. खरंच पाच. घड्याळ समोर होतं.

मग मला तिचा असा राग आला म्हणून सांगू.

“पुढची वेळ?” मी म्हटलं. “कुणी सांगितलं तुला पुढची वेळ असते म्हणून? इतक्या गोड आवाजात देऊन टाकतेस? असंच देतो आपण, गोड आवाजात, आणि मग जन्मभर मागच्या बाकावर बसतो. कुणाला द्यायचं नाही हे. मी मागितलं तरी द्यायचं नाही. कळलं?”

रांगेतले लोक बघायला लागले. तिचे डोळे भरले, पण मान हलली.

मी पेन उचललं. माझ्या सहीवर एक रेघ मारली आणि बाजूला लिहिलं: ‘ही सही माझ्याकडून चुकून झाली. मी उमेदवार नाही.’ आठच शब्द, पण ‘नाही’ लिहायला हात तयार होईना. तो ‘ना’ काढून मी थांबले, श्वास घेतला आणि ‘ही’ काढला. शेजारी तिनं सही केली. मग मी सूचकाच्या रकान्यात सही केली, साधी, बारीक. दोन अठ्ठावन्नला अधिकाऱ्यानं शिक्का मारून पोच दिली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. ती पोच दोन्ही हातांत धरून उभी होती, आणि मला काय झालं कोण जाणे, कधी कुणाला न सांगितलेलं मी तिला सांगून बसले.

“मला फार उभं राहायचं होतं गं,” मी म्हटलं.

“माहितीये मॅडम,” ती म्हणाली. “सगळ्या वर्गाला माहिती होतं.”