प्राणघातक तव्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे. निदान मी तरी स्वतःला तसंच समजतो. सरकारी वकिलांच्या मते मी प्राणघातक शस्त्र आहे, आणि कोर्टात त्यांच्या शब्दाला माझ्यापेक्षा जास्त वजन आहे.

माझा जन्म टेनेसीतल्या एका भट्टीत झाला. वाळूच्या साच्यात लोखंडाचा रस ओतला आणि मी दांड्यासकट बाहेर आलो. पुढे ओपल नावाच्या नव्या नवरीबरोबर मी कॅलिफोर्नियात, तेलविहिरींच्या शेजारी ऑइलडेलला नांदायला गेलो. ओपल माझ्यात मक्याचा पाव भाजायची. आमच्याकडे बिडाच्या तव्याला साबण लावत नाहीत. पुसायचा, चरबीचा हात फिरवायचा, तापवून ठेवायचा. त्याने एक काळा गुळगुळीत थर चढतो. ओपलकडे दुसरी इस्टेट नव्हती, म्हणून पाहुण्यांना मलाच दाखवायची.

"दिसतोय का चेहरा?" ती विचारायची.

पाहुणा वाकून बघायचा. "दिसतोय. दाढी करायला हवी."

ओपल वारली आणि मी तिच्या मुलाकडे, वेंडेलकडे आलो. वेंडेल विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. गरीब स्वभावाचा माणूस. मला पुसताना गुणगुणायचा. मग त्याची झोप उडाली. गुणगुणणं थांबलं आणि तो माझ्याशी बोलू लागला. "आई, आज पाव जरा खाली लागला गं." मी काही उत्तर दिलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण मी काय काय बोललो याची पुढे कोर्टात बरीच चर्चा झाली.

त्याची बहीण नॅडीन काळजीने राहायला आली, बरोबर नवरा डुएन. तिने मनोविकारांच्या दवाखान्यात फोन लावला.

"त्यांनी कुणाला मारलंय का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नाही हो. तव्याशी बोलतो. म्हणतो, आई आत आहे."

"स्वतःला काही इजा?"

"नाही."

"मग उन्हाळा संपल्यावरची वेळ देते."

डुएन म्हणाला, "बोलू दे गं. माझा बाप ट्रॅक्टरशी बोलायचा."

"तुझ्या बापाला ट्रॅक्टर उत्तर देत नव्हता, डुएन."

आता डुएन हा मनाचा चांगला माणूस. मेव्हण्याच्या घरी फुकट खातोय, तर भांडी तरी घासू, असं त्याला वाटलं. एका सकाळी नाश्ता झाल्यावर त्याने मला भांडी धुण्याच्या यंत्रात घातलं. साबण टाकून. ओपलने जन्मभर चढवलेला थर उकळत्या पाण्यात सुटू लागला. आमच्या भागात एवढ्यावरून भाऊ भावाशी बोलायचे थांबलेत. पण वेंडेलला यंत्रातून पाण्याचा आवाज आला, आणि त्याला वाटलं की आत आई बुडतेय.

त्याने दार उपटून मला बाहेर काढलं. मी निथळत होतो.

"तू आईला बुडवलंस."

"अरे तवा आहे तो, वेंडेल. धुतला फक्त."

मित्रांनो, तोवर मी अंड्यापेक्षा टणक काही फोडलं नव्हतं. त्या सकाळी मी डुएनच्या खांद्याचं हाड मोडलं. ज्या हाताने मला माया केली, त्याच हाताने मला उगारलं, आणि माझी हरकत आहे का असं कुणी विचारलं नाही.

वेंडेलला बेड्या पडल्या, मला प्लास्टिकची पिशवी. उन्हाळा संपेपर्यंत ज्याची वाट बघायची होती तो डॉक्टर तुरुंगात आठवडाभरात आला. म्हणजे दवाखान्याच्या रांगेत पुढे जायला मीच लागलो.

आमच्याकडे एक कायदा आहे. आजारामुळे हातून गुन्हा घडला असं डॉक्टर म्हणाले आणि न्यायाधीशांना पटलं, तर खटला थांबवतात आणि आरोपीला उपचाराला पाठवतात. उपचार नीट पार पडले तर आरोप रद्द होतो. नाही पडले तर खटला पुन्हा उभा, आणि वेंडेलच्या बाबतीत त्यापुढे कैक वर्षांची कैद.

वेंडेलच्या वकील मिस बारागान यांनी तेच मागितलं. "तव्याने त्याला सांगितलं, बाईसाहेब," त्या न्यायाधीशबाईंना म्हणाल्या. मी पिशवीतून निषेध नोंदवला. प्लास्टिक जाड होतं.

डुएन हात गळ्यात बांधून उभा राहिला. "मी भांडी घासली म्हणून मार खाल्ला, बाईसाहेब. राग आहेच. पण तुरुंगातून तो बरा होऊन येईल असं मला वाटत नाही. आणि आला तर आमच्याकडेच येणार."

उपचाराला मंजुरी मिळाली. वेंडेलला गोळ्या, समुपदेशक, दर महिन्याला कोर्टात हजेरी. मला पुराव्याच्या खोलीतली फळी. एका बाजूला गोल्फची काठी, दुसऱ्या बाजूला बागेतला सिमेंटचा बेडूक. बेडकाने कुणाला काय केलं ते तो सांगत नाही. तिथे मी गंजलो. चरबीचं एक बोट कुणी लावलं नाही. रोज वाटायचं, वेंडेल येईल, मला पुसेल, म्हणेल की चूक तव्याची नव्हती.

शेवटच्या तारखेला मला कोर्टात नेलं. सरकारी वकील अडून बसले होते. "हा माणूस बरा झाला कशावरून? उद्या दुसरा तवा बोलेल." त्यांनी मला वेंडेलपुढे टेबलावर ठेवलं.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "वेंडेल, घाई नाही. हे काय आहे ते सांगाल?"

नॅडीनने डुएनचा चांगला हात धरला. वेंडेल माझ्याकडे बघत राहिला. मी पहिल्यांदाच मनापासून बोलायचा प्रयत्न केला. अरे, मी आहे. ओपलचा. तुमचा चेहरा दिसायचा माझ्यात.

"तवा आहे, बाईसाहेब," तो म्हणाला. "गंजलाय."

"आत कुणी आहे?"

"नाही. आई ग्रीनलॉन दफनभूमीत आहे. रविवारी जातो मी."

"तवा परत हवाय?"

"नको."

बस. हात लावूनही पाहिलं नाही त्याने. सगळ्या कोर्टाने टाळ्या वाजवल्या, न्यायाधीशबाईसुद्धा. डुएन रडला. मला कळत होतं की त्याने मला ओळख दाखवली असती तर तो सुटला नसता. कळत होतं, तरी लागायचं ते लागलंच. त्याला बरं होण्यासाठी मला परकं करावं लागलं, आणि त्याने ते फार चांगलं केलं.

आरोप रद्द झाला. कायदा म्हणतो, आता ती अटक कधी झालीच नव्हती असं समजायचं. पुढच्या आठवड्यात मला सुऱ्या आणि पिस्तुलांबरोबर वितळवायला नेणार आहेत.

म्हणून मित्रांनो, एकच विनवणी. तुमच्या घरात कुणाची झोप उडाली, कुणी भांड्याकुंड्यांशी बोलू लागलं, तर हसण्यावारी नेऊ नका आणि उन्हाळा संपायची वाट पाहू नका. दवाखान्याच्या दारात जाऊन बसा, वेळ मिळेपर्यंत उठू नका. कुणाचं हाड मोडल्यावरच औषध मिळावं, हे बरं नाही. भांडं बिडाचं असेल तर साबणही लावू नका.

आणि वेंडेल कधी भेटला तर माझं नाव काढू नका. कायद्याने मी त्याच्या घरातून कधी बाहेर पडलोच नाही.