बोळाकडची भिंत

उचगावच्या मीरासाब नदाफ गादीवाल्यानं एसी घ्यायचं काढलं, तेव्हा निम्म्या गल्लीनं तोंडात बोटं घातली. बोलणाऱ्यांचं काय जातंय म्हणा. त्यांच्यातल्या एकानंही कधी तोहिदच्या अंगाला हात लावून बघितला नव्हता.

तोहिद हा मीरासाबचा एकुलता एक पोरगा. दोन वर्षांमागं रंगकाम करताना परांचीवरून पडला आणि छातीखालचं सगळं अंग गेलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी निभावलं असतं. पण त्या अंगाला घामच सुटत नाही, त्यामुळं आतला उष्मा आतच राहतो. गेल्या एप्रिलात पोराचा ताप चढला तो उतरेचना. आठ दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की खोली गार ठेवा, पुढचा उन्हाळा असाच गेला तर माझ्या हातात काही राहणार नाही.

मग काय, फेब्रुवारी लागला तशी बापलेकांची पारख सुरू झाली. तोहिद अंथरुणावरून मोबाइलमध्ये बघायचा आणि मीरासाब कोल्हापुरातल्या दुकानांचे उंबरे झिजवायचा. जन्म गाद्या भरण्यात गेलेला, त्यामुळं हातानं चाचपल्याशिवाय त्याला काही पटायचं नाही. प्रत्येक मशीनपुढं तळवा धरून उभा राहायचा आणि असले उभे-आडवे प्रश्न विचारायचा की विकणारी पोरं वैतागून जायची. ओशिरो नावाची कंपनी झटक्यात गारवा द्यायची, पण बिघाड झाला तर तिचा माणूस पुण्यावरून येणार. पोलवेलचं मशीन आवाज म्हणून करायचं नाही, पण लाइट कमीजास्त झाली की त्यानं मान टाकलीच. राहिलं हिमांक. दिसायला ओबडधोबड आणि जरा घरघरणारं. पण त्याला दहा वर्षांची गॅरंटी होती आणि मेकॅनिक इथलाच होता.

मीरासाबनं हिमांक घेतलं ते त्या दहा वर्षांसाठी. वय एकसष्ट, त्यात साखर. आपण डोळे मिटले तर बायको जरीना एकटी बाईमाणूस कुणाच्या दारात जाणार, ही धास्ती त्याला होती. तिच्यापुढं तो हे बोलला नाही, पण दुकानात कागदावर सही करताना त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

मशीन बसवायला सम्राट नावाचा मेकॅनिक आला. मशीनचा बाहेरचा डबा कुठं लावायचा, हा प्रश्न त्यानं काढेपर्यंत बापलेकांपैकी कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. वर पत्रा, मागं दुसऱ्याच्या घराची भिंत. पुढच्या दारापर्यंत पाइप नेली तर ती कंपनीनं ठरवून दिल्यापेक्षा लांब होते आणि गॅरंटी जाते, असं सम्राट म्हणाला. उरली बोळाकडची भिंत. बोळ जेमतेम दोन हात रुंद आणि पलीकडं आक्काची खिडकी.

आक्का म्हणजे सत्तरीची विधवा. एकाच खोलीत राहायची. पुढं दार आणि बोळाकडं ती खिडकी, एवढाच काय तो तिला वारा. तोहिद अंथरुणाला खिळल्यापासून ती आपल्या खिडकीत बसून समोरच्या खिडकीतल्या पोराशी दिवसभर बोलायची. पोरगं जगायला तयार झालं ते औषधापेक्षा आक्काच्या बडबडीनं, असं जरीना उघड म्हणायची. मीरासाबनं तिला विचारलं तर आक्का म्हणाली, लाव की, मला काय इचारायचं त्यात. झालं, डबा बसला.

आणि उन्हाळा खरंच पार पडायला लागला. एप्रिल निम्मा सरला तरी तोहिदला ताप नाही. मीरासाब गिऱ्हाइकाला गादी दाखवायची सोडून हिमांकचे गोडवे गात बसायचा.

एका दुपारी तोहिदनं विचारलं, "अब्बा, आक्का हाय न्हवं गावात?"

"हाय की. कुठं जाती ती?"

"मग वीस दिवस झालं, तिची खिडकी बंद का हाय? माझी तर मशीनमुळं बंद हाय. तिची का?"

डबा बसल्यापासून त्या बोळात मीरासाबनं पाऊल टाकलं नव्हतं, तिथं गटारीशिवाय होतं काय? तो उठला आणि अंग चोरून बोळात शिरला. डब्यापुढं आला आणि तोंडावर असली झळ बसली की त्याचे डोळे मिटले. पोराच्या खोलीतला सगळा उष्मा तिथून बाहेर पडत होता आणि सरळ आक्काच्या खिडकीवर आदळत होता. खिडकीच्या फटींत तिनं आतून पोत्याची फडकी कोंबली होती. दोन महिने आपण गारवा चाचपत हिंडलो, ही आग कुठं जाणार हे एका दुकानातसुद्धा विचारलं नाही. त्याला स्वतःची शरम वाटली.

आक्का आपल्या दारापुढच्या पायरीवर भर उन्हात, डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसली होती. मान आणि पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती. मीरासाब तिच्यापुढं खालीच बसला.

"आक्का, बोलली का न्हाईस गं?"

तिनं फडकं काढून पिळलं, परत डोक्यावर ठेवलं.

"पयल्याच दिवशी हात भायेर काढून बघितलावता," ती म्हणाली. "मी बोलली असती तर तू मशीन बंद केलं असतंस. मला ठावं हाय तू कसा हाईस. मग पोराला ताप चढला असता. त्यापरास गप बसल्याली बरी."

मीरासाब तिथंच रडला. रस्त्यानं माणसं जात होती, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सम्राटला बोलावलं आणि डबा पुढच्या दाराशी घ्यायला सांगितलं. सम्राटनं परत समजावलं की गॅरंटी जाईल, उद्या काही झालं तर कंपनी दारात उभं करणार नाही, नीट इचार करा. मीरासाब रात्रभर तेवढंच करत होता. आपल्यामागं मशीन बंद पडलं तर पोराचं काय, हे भय काही गेलं नव्हतं, उलट वाढलं होतं. सम्राटनं गॅरंटी सोडल्याचा कागद पुढं केला, तसं मीरासाबनं तोहिदकडं बघितलं.

"अब्बा, करा सही," तोहिद म्हणाला. "तिला तसं ठेवून मला गार झोप न्हाय लागायची."

मीरासाबनं सही केली.

संध्याकाळपर्यंत डबा पुढं आला आणि त्याची झळ आता मीरासाबच्या पायरीवर पडायला लागली. रोज चहा घेऊन बसायची त्याची तीच जागा. सम्राट निघताना म्हणाला, चाचा, बसायची जागा गेली तुमची. मीरासाब त्या झळीतच बसून राहिला. ऊन उतरल्यावर तोहिदनं आईला मशीन बंद करून खिडकी उघडायला लावली. पलीकडं फडकी उपसल्याचा आवाज आला, कडी निघाली आणि वीस दिवसांनी आक्काचा आवाज घरात आला.

"व्हय रं, जेवलास का?"