माहितीतला माणूस

आमच्या माढ्याकडं बैल घ्यायचा असो की मोटर, आधी माहितीतला माणूस गाठतात. दुकानदार त्याच्या फायद्याचं सांगणार, माहितीतला माणूस तुमच्या. मला हे लहानपणापासून ठाऊक, तरी मी मोठ्या तोऱ्यात एकटाच सोलापूरच्या नवी पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरलो. पाटबंधारे खात्यात उभी हयात कालव्याचं पाणी वाटण्यात गेली, मला कोण फसवणार, असा एकूण आव होता.

कारण एवढंच होतं की माझा मुलगा अजिनाथ पुण्याला नोकरी करतो आणि त्याची आई गेल्यापासून दिवाळीला येतो तो एक मुक्काम करून पळतो. मागच्या खेपेला मी थांब म्हणालो, तर म्हणाला, "हितं करू काय, आप्पा?" ते मला लागलं. पुण्यात तो कॉम्प्युटरवर गेम खेळतो हे माहीत होतं. म्हटलं, जुळे सोलापूरच्या आपल्या फ्लॅटमध्येच तसलं यंत्र बसवू. चार दिवस तरी राहील. त्याला न सांगता करायचं होतं. आला की बघेल.

दुकानातली संस्कृती नावाची मुलगी चुणचुणीत होती. "काका, आधी प्रोसेसर ठरवा," म्हणाली. "तो मेंदू. त्याच्यावर बोर्ड ठरतो, मग बाकीचं." मी म्हणालो, ठरवू की. तर तिनं सुरुवात केली. तुमचे चिरंजीव कुठले गेम खेळतात? गोळीबाराचे, का शहरं वसवायचे? एकटे, का मित्रांबरोबर? खेळताना रेकॉर्डिंग करतात का?

मला एकाचंही उत्तर येईना. अजिनाथला कारलं चालत नाही, कुत्र्याला तो घाबरतो, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण ते सगळं शाळेतल्या अजिनाथचं. या पोरीनं विचारलेला माणूस मला माहीतच नव्हता. मला तिचाच राग आला. "एवढ्या चौकशा सोयरीक जमवताना करत न्हाईत," म्हणालो. ती हसून म्हणाली, "विचारून या की, काका."

आमचं फोनवरचं बोलणं तेव्हा तीन वाक्यांचं होतं. जेवला का, पाऊस हाय का, ठेवू का. त्यात हे कुठं घुसवणार? म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या मल्लिकार्जुनला पुढं केलं. फोनवर अजिनाथला म्हणालो, "मल्लिकार्जुनला गेम खेळायचा कॉम्प्युटर घ्यायचाय. प्रोसेसर कंचा घ्यावा म्हणतोय. माहितीतला तूच." मल्लिकार्जुन दिवसभर विम्याच्या कामानं गावभर हिंडतो. गेम खेळायला बसला तर बायको घराबाहेर काढील. पण नाव चटकन तेच आलं.

आणि अजिनाथ बोलायला लागला. कोर म्हणजे एका वेळी कामाला लागलेले गडी, म्हणाला. गेमला सहा-आठ पुरतात, उगाच सोळा घेतले तर बाकीचे बसून राहतात. प्रोसेसरजवळची स्वतःची मेमरी मोठी असली की गेम अडखळत नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकमेकांच्या तोडीचे पाहिजेत. मी म्हणालो, "म्हंजे वरनं पाणी कितीबी सोडा, शेताकडची चारी अरुंद असली की पुढं तेवढंच जाणार." तो हसला. म्हणाला, "व्हय आप्पा, बराबर तेच!" माझ्या बोलण्यावर पोरगा किती वर्षांनी हसला होता, देव जाणे.

मग मला चटकच लागली. रोज भाकरी-शेंगाचटणी उरकायची आणि फोन लावायचा. मल्लिकार्जुन विचारतोय, जुनं मॉडेल घेतलं तर चालंल का? मल्लिकार्जुन म्हणतोय, लई तापतंय का ते? मल्लिकार्जुनइतकं चिकित्सक गिऱ्हाईक साऱ्या जिल्ह्यात झालं नसेल. दुकानाकडं मी फिरकलोच नाही. प्रोसेसर ठरला की बोलणं संपलं, हे मला कळत होतं. मला तो ठरायलाच नको होता. खरं सांगायचं तर यंत्राचंही काही वाटेनासं झालं होतं, फोन चालू राहिला म्हणजे झालं.

पण दिवाळी जवळ आली आणि संस्कृतीचा निरोप आला. आता सांगितलं नाही तर सणाआधी जोडून मिळणार नाही. मग त्या संध्याकाळी मी शेवटचा प्रश्न विचारला. आमच्याकडं माहितीतल्या माणसाला शेवटी हेच विचारतात.

"तुझ्याकडं कंचा हाय? त्योच घ्यायला सांगतो त्याला."

 

"माझ्याकडं न्हाई, आप्पा," तो म्हणाला. "विकला मागच्या वर्षी. रूमवरचे दोघंबी लग्न करून गेले. एकट्यानं काय खेळायचं?"

"मग एवढं सगळं सांगत हुतास ते?"

"तुमचा फोन यायच्या आधी वाचून ठेवत हुतो." मग म्हणाला, "मल्लिकार्जुनकाका गेम खेळत न्हाईत, ते ठाव हाय मला."

माझं पोरगं तिकडं एकटं बसून, बाप काय विचारेल म्हणून अभ्यास करत होतं. मला भरून आलं आणि रागही आला. राग कुणाचा, ते कळेना. "दिवाळीला ये," एवढंच म्हणालो. "येतो की," म्हणाला.

"मग उद्या काय विचारू?" मी न राहवून म्हणालो.

"विचारा की कायबी."

दुसऱ्या दिवशी जेवण उरकलं आणि फोन घेऊन बसलो. काहीबी विचारायचं म्हणजे काय विचारायचं? कामाचं विचारावं तर ते मला कळत नाही. लग्नाचं काढावं तर तो चिडतो. आईचं काढावं तर मलाच पुढं बोलता येत नाही. जेवला का, यापुढं गाडी जाईना. बसून राहिलो. त्याचाही फोन आला नाही. तोही तिकडं फोन हातात घेऊन बसला असेल. बापाशी काय बोलावं, हे कुठं वाचायला मिळत नसणार.