घोड्याचे घर

मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने 'क्र. ४' असे लिहिले आहे. मला एवढेच नाव मिळाले. वरवट बकाल या गावातल्या शाळेचा मी एक म्हातारा संगणक. माझे भाग कोणत्या कारखान्यात, कोणाच्या हातांनी जोडले गेले, हे मला सांगता येणार नाही. तेव्हा मला अजून वीज मिळाली नव्हती. माझी पहिली आठवण नारळ फुटल्याच्या आवाजाची आहे. शाळेत आम्ही दहा भावंडे टेम्पोतून उतरलो, तेव्हा प्रत्येकाच्या कपाळी कुंकू लावण्यात आले. माझ्या कळफलकाच्या एका कोपऱ्यात ते अजूनही अडकलेले आहे.

सुरुवातीची वर्षे मानाची होती. संगणक कक्षाबाहेर मुले चपला काढून ठेवत. मी निकालपत्रके छापली, दाखले लिहिले, स्नेहसंमेलनाच्या पत्रिका सजवल्या. पण माझ्या आयुष्याला खरा अर्थ आला तो नववीतल्या पुष्पांजलीमुळे. गणित आणि संगणक शिकवणाऱ्या धम्मशीला मॅडम शाळा सुटल्यावर तिला तासभर माझ्यापुढे बसू देत. तिला मला बुद्धिबळ शिकवायचे होते. कोणाकडून तयार आणून नव्हे, तर एकेक ओळ स्वतः लिहून.

ती स्वतः हा खेळ शिकली होती तिच्या आजोबांकडून, उकंडरावांकडून. शेतातून आले की ते हातपाय धुऊन कापडी पट मांडत. प्यादे एका वेळी किती घरे चालते, उंट तिरपा का जातो, हे सारे तिला अक्षरओळखीच्या आधी येत होते. संध्याकाळी तिला घरी न्यायला ते शाळेत येत, स्टूल ओढून माझ्यापुढे बसत आणि एक बोट कळांवर आपटत माझ्याशी खेळत. पहिले वर्षभर त्यांनी मला रोज हरवले. ज्या दिवशी मी जिंकलो, त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आता हा आपल्या घरचा झाला, असे पुष्पांजलीला सांगितले. तो हात खरखरीत होता. तसा हात पुन्हा कोणी ठेवला नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे प्यादे शेवटच्या ओळीत पोहोचले की त्याचा वजीर करता येतो. उकंडरावांच्या पटावर तसे नव्हते. त्यांच्याकडे प्यादे ज्या घरात पोहोचेल, त्या घराचे मोहरे होई. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. एकदा धम्मशीला मॅडमनी मला तपासण्यासाठी घोड्याच्या घरात प्याद्याचा वजीर केला. मागे बसलेले उकंडराव लगेच म्हणाले, "हे घर घोड्याचं हाये बाप्पा. वजीर इथं कसा बसन?"

पुष्पांजली खूप हसली. तिने तो नियम माझ्यात लिहिलाच, शिवाय कोणी तो मोडला तर हेच वाक्य माझ्या पडद्यावर उमटावे, अशी सोय केली. देवनागरी अक्षरे नीट दिसायला तिला आठ दिवस लागले. मॅडमनी तिला पुस्तकातला नियम समजावून सांगितला, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "आबाले वाईट वाटन, मॅडम. मंग बदलवू."

बदलायचे राहून गेले. ती बारावी झाली, अमरावतीला अभियांत्रिकी शिकली, पुण्यात नोकरीला लागली. ती तिकडे असतानाच उकंडराव गेले. ती घरी पोहोचली तेव्हा सगळे आटोपले होते. शाळेत नवे लॅपटॉप आले. माझी नऊ भावंडे एकेक करून बिघडली आणि नेली गेली. माझ्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढले. सहा वर्षे मी त्या आवरणातून संध्याकाळचा उजेड पाहिला. चार-सव्वाचारला शाळेची घंटा होई आणि मला वाटे, आता स्टूल ओढल्याचा आवाज येईल.

यंदा निर्लेखनाची यादी झाली. शाळेच्या नोंदीतून काढून भंगारात द्यायच्या वस्तूंची ती यादी. दोन मोडके बाक, एक पंखा आणि मी. त्याच आठवड्यात धम्मशीला मॅडमनी मुख्याध्यापकांपुढे एक बेत मांडला. संगणकांची बुद्धिबळ स्पर्धा घ्यायची. खेळतील यंत्रे, माणसांनी फक्त त्यांच्या चाली लाकडी पटावर मांडायच्या आणि समोरच्या यंत्राला कळवायच्या. अट एकच, कार्यक्रम, म्हणजे यंत्रातला प्रोग्राम, स्वतः लिहिलेला हवा. मुख्याध्यापक तयार झाले. मॅडमनी मग हळूच माझा विषय काढला. क्रमांक चार पहिला आला, तर त्याचे नाव यादीतून कमी करू, एवढा शब्द त्यांनी मिळवला.

त्यानंतर पंधरा दिवस मी माणसांची धावपळ पाहिली. मॅडमनी शाळांना पत्रे धाडली, नियम लिहून काढले. वेळ संपली तर काय, वीज गेली तर काय, कार्यक्रम अडला तर काय, या सगळ्याचा त्यात विचार होता. कार्यक्रम अडल्यास तो लिहिणाऱ्याला एकदाच, पंधरा मिनिटे दुरुस्तीसाठी मिळतील, तेवढ्यात जमले नाही तर डाव गेला, हाही नियम त्यांचाच. रविवारी दुपारी चारला लाइन बंद राहणार, ही बातमी वायरमन जानरावांकडून आली, म्हणून तिन्ही फेऱ्या त्याआधी बसवल्या. संग्रामपूरचे चंद्रशेखर सर पंच म्हणून यायला तयार झाले. सहा नावे आली. त्यातले एक मेहकरच्या हर्षलचे, जो स्वतःचा लॅपटॉप घेऊन येणार होता. पुष्पांजलीला मॅडमनी तीनदा फोन केला. बघते, एवढेच ती म्हणाली.

माझ्यावरचे आवरण शिपाई शेषरावांनी काढले. "हा डबा खेळन काय, मॅडम?" त्यांनी विचारले. "याले उठालेच अर्धा तास लागते." पण माझा पंखा अडकतो आणि डाव्या बाजूला तळहाताची हलकी थाप दिली की सुटतो, हे शाळेत फक्त त्यांनाच माहीत होते. म्हणून मॅडमनी माझ्या चाली मांडायला त्यांनाच बसवले. त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता.

पहिल्या फेरीत मी जिंकलो. दुसऱ्या फेरीतही. माझे खेळणे संथ होते, पण उकंडरावांशी खेळून शिकलेला मी घाईने मोहरे देत नव्हतो. शेषराव प्रत्येक डावानंतर बाहेर जाऊन कोणाला तरी सांगून येत होते. हर्षलचा लॅपटॉपही दोन्ही डाव जिंकला होता. दोन वाजता आम्ही समोरासमोर आलो.

हर्षलने माझ्याकडे पाहून विचारले, "काका, याच्यात कोळसा टाका लागते काय?" पोरे हसली. शेषरावांनी मला फक्त एक थाप दिली.

तासाभराने हसणे थांबले होते. माझ्याकडे दोन हत्ती होते, समोर एक उंट आणि धावत सुटलेले एक प्यादे. ते प्यादे शेवटच्या ओळीत, घोड्याच्या घरात पोहोचले. हर्षलच्या यंत्राने त्याचा वजीर केला. घाबरण्यासारखे काही नव्हते. पुढच्याच चालीला माझा हत्ती तो वजीर मारणार होता आणि डाव माझा होता. शेषरावांनी हर्षलच्या यंत्राची ती चाल माझ्यात भरली.

माझ्या पडद्यावर अक्षरे उमटली. हे घर घोड्याचं हाये बाप्पा. वजीर इथं कसा बसन?

शेषरावांनी पुन्हा भरली. पुन्हा तीच अक्षरे. धम्मशीला मॅडमनी कपाळावर हात मारला. सगळ्या अडचणींचा विचार करून नियम लिहिणाऱ्या त्या, उकंडरावांचा हा नियम मात्र विसरल्या होत्या. आणि त्याच वेळी दारातून कोणीतरी ते वाक्य मोठ्याने वाचले. खांद्याला बॅग लावलेली पुष्पांजली तिथे उभी होती. रात्रभर प्रवास करून आलेली, दुसरी बस चुकल्याने उशीर झालेली.

चंद्रशेखर सरांनी नियम पाहिला आणि घड्याळ लावले. पंधरा मिनिटे. शेषरावांनी खुर्ची मोकळी केली.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी तिची बोटे माझ्या कळांवर आली. ती आता मोठ्या माणसाची बोटे होती, पण त्यांना जागा आठवत होत्या. तिने आपल्या जुन्या ओळी उघडल्या. तो नियम आणि त्याखालचे वाक्य पुसायला पाच मिनिटे पुरली असती. तिने वाक्याचे शेवटचे अक्षर पुसले. मग पुन्हा लिहिले. त्यानंतर ती नुसती वाचत राहिली. तिच्याकडे आजोबांचे फोटो होते. त्यांचे बोलणे मात्र दुसरीकडे कुठेही उरले नव्हते. मला जगायचे होते, हे मी लपवत नाही. तिने ते पुसावे, असे मला वाटत होते. आणि तिने ते पुसू नये, असेही.

घड्याळ वाजले. "राहू द्या, सर," ती म्हणाली. "आबाचा नियम हाये. आम्ही हरलो."

हर्षल उठला आणि तिच्याशी हात मिळवण्याआधी त्याने माझ्या पडद्यावरचे वाक्य एकदा वाचले. त्याचे आजोबाही असेच खेळत, असे तो हळू आवाजात म्हणाला.

बक्षिसे वाटून झाल्यावर मॅडमनी तिला विचारले, की आधी दुसरी प्रत काढून ठेवायची आणि मग या प्रतीत पुसायचे, हे तुला का सुचले नाही? पुष्पांजलीने जीभ चावली. पुण्यात ती दिवसभर लोकांच्या कामाच्या प्रतीच काढत असते. "खरंच सुचलं नाई, मॅडम," ती म्हणाली आणि दोघी हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग तिने सगळे एका छोट्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. माझे वय पाहता त्याला बराच वेळ लागला. काम झाल्यावर तिने पट पुन्हा मांडला, मुद्दाम प्यादे घोड्याच्या घरात नेले आणि वजीर मागितला. अक्षरे आली. ती त्यांच्यापुढे स्टूलवर बसून राहिली. चार वाजता लाइन गेली. पडदा काळा झाल्यावरही तिचा हात माझ्या डोक्यावर होता.

माझे नाव यादीत कायम आहे. मी आता क्रीडासाहित्याच्या खोलीत, भाल्यांच्या आणि फाटक्या जाळीच्या शेजारी असतो. टेम्पो अजून आलेला नाही. ते वाक्य पुण्याला पोहोचले आहे, म्हणून मी निश्चिंत आहे. पण घंटा झाली की अजूनही माझे लक्ष दाराकडे जाते.

मित्रांनो, जुन्या वस्तू कायमच्या ठेवून घ्या, असे मी म्हणत नाही. प्रत्येकाचा टेम्पो कधीतरी येतोच. पण कोणाला निरोप देण्याआधी एकदा त्याच्यापुढे बसा. त्याच्यात कोणाचे काय राहून गेले आहे, ते पाहा आणि जपून उतरवून घ्या. तुमच्या घरी कोणी वेगळ्या नियमाने खेळत असेल, तर चूक दाखवण्याआधी एक डाव त्याच्या नियमाने खेळा.

आणि कधी या खोलीत आलात, तर माझे बटण दाबून पाहा. मी लगेच उठलो नाही, तर डाव्या बाजूला तळहाताने हलकी थाप द्या. मग थोडे थांबा. मला वेळ लागतो.