खंडेनवमीला पाहिलेली गाडी

कृष्णातचं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि संताजीरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही हरवलं नव्हतं. सदऱ्याच्या खिशात असायचं, सदरा बदलला की नव्या खिशात जायचं. बायकोनं, सोयराबाईंनी, विचारलं की ते म्हणत, ‘‘विचार करतोय.’’ खरी गोष्ट अशी होती की ते घाबरले होते.

कृष्णात हा त्यांच्या दिवंगत बहिणीचा, अंबक्काचा, एकुलता एक मुलगा. निपाणीजवळच्या खेड्यात राहायचा. तंबाखूच्या वखारीतली नोकरी सुटल्यावर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. एक जुनी, मोठी परदेशी गाडी घ्यायची आणि लग्नसराईत नवरदेवांसाठी भाड्यानं द्यायची. तशी गाडी बेंगळूरला, संताजीरावांच्याच शहरात, मिळत होती. त्यानं लिहिलं होतं: ‘मामा, तुम्ही जन्म गाड्यांत काढलात. जुनी गाडी घेताना काय काय बघायचं ते तुमच्याइतकं कुणाला कळणार? हेब्बाळला देवाप्पांच्या शेडमध्ये आहे, एकदा डोळ्यांखालून घाला. दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत तुमचं पत्र आलं नाही तर होकार समजेन आणि मंगळवारी गाडी आणायला निघेन. घरी पोचलो की सगळ्यांना घेऊन पहिली फेरी आंबोली घाटातून सावंतवाडीला.’

जन्म गाड्यांत काढला, हे खरं होतं आणि नव्हतंही. सरकारी वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं संताजीराव पुस्तकांच्या खोलीत बसले. कुठल्याही गाडीचं माहितीपुस्तक मागा, ते पान काढून देत. मिस्त्री लोक तेलकट हातांनी दारात उभे राहून विचारत, ‘‘राव सार, ह्या नटाला जोर किती द्यायचा?’’ आणि ते आकडा वाचून दाखवत. पण पाना त्यांनी कधी हातात धरला नव्हता. गाडी चालवायचं लायसन्सही त्यांच्याकडे नव्हतं. अंबक्कानं मात्र गावभर सांगून ठेवलं होतं, माझा भाऊ बेंगळूरला मोठा इंजिनियर आहे. ते ऐकून संताजीराव नुसते हसले होते. ‘नाही’ म्हणायचं राहून गेलं, ते पंचवीस वर्षं राहिलं.

त्यांच्याजवळ एक वही होती. वर्कशॉपमधल्या पुस्तकांतून उतरवून घेतलेली अकरा पानं तिच्यात होती, जुनी गाडी कशी पारखायची त्याबद्दल. तेवढ्या वहीच्या बळावर बुधवारी, खंडेनवमीच्या दिवशी, त्यांनी हेब्बाळला जायचं ठरवलं. अंघोळ करून बाहेर आले तर वही टेबलावर नव्हती. देवघरात, इतर पुस्तकांच्या थप्पीत सगळ्यांत वर, हळदीकुंकू लावून ठेवलेली होती.

‘‘आता हात नाही लावायचा,’’ सोयराबाई म्हणाल्या. ‘‘उद्या उत्तरपूजा झाल्यावर.’’

‘‘अकरा पानंच बघायची होती.’’

‘‘बघायची म्हणजे वाचायचीच की. सरस्वती बसल्यावर वाचायचं नाही, लिहायचं नाही. तुमच्या आईंनीच शिकवलं मला.’’

‘‘मग उद्या जातो.’’

‘‘एकोणीस दिवस उद्याच चाललंय. अंबक्काचं लेकरू आहे हो ते. वहीविना बघा. डोळे आहेत ना?’’

दोन बस बदलून हेब्बाळला जाईपर्यंत ते ती अकरा पानं आठवत राहिले. कुठल्या पानावर शाईचा डाग आहे ते आठवलं. कुठलं पान दुमडलेलं आहे ते आठवलं. त्यावर लिहिलेलं काय, ते काही केल्या येईना.

शेड तळ्याला लागूनच होती. गाडी जर्मन बनावटीची, सतरा वर्षांची, काळी, लांबलचक. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधलेले, बॉनेटवर झेंडूची झालर आणि मधोमध कुंकवाचे पट्टे. शेडचा मालक देवाप्पा मूळचा चिकोडीकडचा. पांढरा सदरा, कपाळाला विभूती, आवाज असा की तळ्यापलीकडे ऐकू जावा.

‘‘या या अण्णा. कृष्णातचे मामा म्हणजे आमचे पण मामाच की. इंजिनियरसाहेब स्वतः आले म्हणजे गाडीचं नशीब.’’

‘‘बॉनेट जरा उघडता का?’’ संताजीरावांनी हळूच विचारलं.

‘‘आज नको अण्णा. आयुधपूजा. हत्यार धरायचं नाही, पूजा मोडायची नाही. तुम्ही जाणती माणसं, तुम्हाला काय सांगायचं?’’

संताजीराव गाडीभोवती फिरले. रंग चकचकीत होता. दार लावलं की जड, मऊ आवाज येत होता. मनात आलं, आपण कोण हिला नावं ठेवणार? मग त्यांनी पुढच्या सीटखालच्या गालिच्याचा कोपरा बोटानं उचलला. गालिचा कोरा करकरीत होता, आणि खालून वास आला, पाणी आटलेल्या तळ्याच्या काठावर येतो तसा. डिकी उघडून त्यांनी जादा चाक कसंबसं तिरकं केलं. खालच्या खळग्यात बारीक गाळ वाळून तडकलेला होता. गाळात एक चिमुकला शंख रुतला होता.

‘‘सकाळी धुतली ना, पाणी उतरतंय स्वल्प,’’ देवाप्पा मागून म्हणाला. तो इतका जवळ येऊन उभा राहिला आहे हे त्यांना कळलंच नव्हतं.

सकाळी शिरलेल्या पाण्याचा गाळ दुपारपर्यंत वाळून तडकत नाही. संताजीरावांनी नुसतं चाक पुन्हा खाली बसवलं.

‘‘चला, एक चक्कर मारू. बसा पुढं.’’

चारी चाकांखाली लिंबं ठेवली होती, ती चिरडत गाडी बाहेर पडली. इंजिनाचा आवाज खरोखर गोड होता. बळ्ळारी रोडला लागल्यावर देवाप्पा मोठमोठ्यानं बोलत होता, कुठल्या शेठजीची गाडी होती, तो कसा तिला पोरीसारखी जपायचा. पुढं उतार आला. उताराच्या तळाशी केळीचे खुंट बांधलेली एक लॉरी थांबलेली होती. संताजीरावांची नजर नेमकी देवाप्पाच्या पायावर होती. तो पाय ब्रेकवर एकदा नाही, दोनदा नाही, चार वेळा भराभर आपटला. तोंडचं बोलणं मात्र क्षणभरही थांबलं नाही. लॉरीच्या मागच्या फळीपासून वीतभर अंतरावर गाडी उभी राहिली.

‘‘बघा, जागच्या जागी,’’ देवाप्पा म्हणाला.

संताजीरावांचे दोन्ही हात सीटच्या कडेला चिकटले होते. एकेक बोट मोजून सोडवावं लागलं.

शेडमध्ये परतल्यावर त्यांनी स्वतःलाच नवल वाटेल अशी एक गोष्ट केली. म्हणाले, ‘‘इंजिन चालू राहू द्या. मी जरा तुमच्या जागेवर बसतो.’’ पान आठवत नव्हतं, पण वहीतली एक ओळ आठवली होती. ब्रेकवर पाय दाबून धरा आणि थांबा. त्यांनी पाय ठेवला आणि मनात आकडे मोजू लागले. दहापर्यंत पेडल घट्ट होतं. विसाला ते थोडं खाली गेलं. तिसाला आणखी. चाळिसाच्या आत ते तळाला टेकलं, आवाज न करता, चिखलात पाय जावा तसं.

‘‘धरून काय बसता अण्णा. दोनदा मारा, येतंय वर.’’

दोनदा मारल्यावर ते वर आलं. धरून ठेवल्यावर पुन्हा गेलं. सपाट रस्त्यावर ठीक आहे, चारदा पाय आपटता येतो. आंबोलीच्या वळणावर, मागं बायकापोरं गाणी म्हणत असताना, कृष्णातला तेवढा वेळ मिळेल? की ह्या गाडीचं पेडल असंच असतं आणि आपल्यालाच ठाऊक नाही?

ते उतरायला वळले तर देवाप्पा दारातच उभा होता. एक हात टपावर, दुसऱ्या हातात कागद आणि पेन. दार उघडं होतं, पण त्याच्या अंगामुळं बाहेरचं काही दिसत नव्हतं.

‘‘दोन ओळी लिहा अण्णा. गाडी बघितली, बरी आहे. उद्या दसरा, परवा गांधी जयंती, टपाल बंद. आमचा माणूस आजच निपाणीला निघालाय, हातोहात देईल.’’

‘‘घरी जाऊन…’’

‘‘घरी कशाला? भाच्याला मामाचं अक्षर दिसलं की झालं. आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत मला. तुमच्यासाठी थांबवलीत.’’ तो तसूभरही हलला नाही. त्याच्या सदऱ्याला कापराचा वास येत होता.

संताजीरावांनी पेन हातात घेतलं. खरं सांगायचं तर ते लिहिणार होते. ‘बरी’ हा शब्द काही फार मोठा नव्हता. मग समोरच्या काचेतून त्यांना बॉनेटवरचं कुंकू दिसलं.

‘‘आज लिहायचं नसतं,’’ ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की देवाप्पाला वाकावं लागलं.

‘‘काय?’’

‘‘सरस्वती बसलीय घरी. आज लिहायचं नाही. तुमचं बॉनेट, तसं माझं पेन.’’

देवाप्पा हसला, पण डोळे तसेच राहिले. ‘‘सरी, ठीक आहे अण्णा. उद्या तर लिहायचाच मुहूर्त. दुपारी येतो मी घरी. गवीपुरमचा पत्ता आहे माझ्याकडं.’’ आणि तो दारातून बाजूला झाला.

त्या रात्री संताजीराव जेवले नाहीत. कृष्णातच्या गावात फोन होता तो पंचायतीच्या कचेरीत, आणि कचेरीला सोमवारपर्यंत कुलूप.

सकाळी उत्तरपूजा झाल्याबरोबर त्यांनी वही उघडली. पाचव्या पानावर होतं. दाबून धरलेलं पेडल खाली जाण्याची तीन कारणं दिली होती. त्यातलं एक म्हणजे ब्रेकच्या आतली रबराची वाटी झिजणं, अर्ध्या दिवसाच्या दुरुस्तीचं काम. त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘‘आता काय झालं?’’ सोयराबाई आपट्याची पानं निवडत होत्या.

‘‘नुसती वाटी असेल तर? मी पोराचा धंदा उभा राहायच्या आधीच मोडला असं होईल.’’

‘‘आणि वाटी नसेल तर?’’

त्यांनी वहीचं पान उलटलं, पुन्हा मागं आणलं.

‘‘तुम्हाला दिसलं ते लिहा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वाटलं काय, ते नंतर बघू.’’

मग त्यांनी लिहिलं. गाळ लिहिला, शंख लिहिला, कोऱ्या गालिच्याखालचा वास लिहिला. इंजिनाचा आवाज चांगला आहे हेही लिहिलं. उतारावर पाय चारदा आपटला, पेडल चाळिसाच्या आत तळाला गेलं, बॉनेट उघडू दिलं नाही. गाडी पाण्यात बुडून निघालेली दिसते. एवढं झाल्यावर त्यांनी शेवटी लिहिलं: ‘कृष्णात, मी इंजिनियर नाही. कधीच नव्हतो. मला गाडी चालवतासुद्धा येत नाही. तुझ्या आईला मी हे सांगितलं नाही. म्हणून माझ्यावर विसंबू नकोस. इथं मला ओळखणारे जुने मिस्त्री आहेत, त्यातल्या एकाला बॉनेट उघडून बघू दे. तोवर ही गाडी घेऊ नकोस, आणि घेतलीसच तर घाटात नेऊ नकोस.’

पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. ‘‘अण्णा आहेत का?’’

संताजीरावांच्या हातातून पाकीट खाली पडलं. सोयराबाईंनी ते उचलून त्यांच्या खिशात घातलं आणि मागच्या दाराकडे बोट केलं. गल्लीतून जाताना त्यांना पुढच्या दारातलं बोलणं ऐकू येत होतं. ‘‘बाहेर गेलेत. बसा की, सणाचं पायस घेऊन जा. नाही नाही, असं रिकाम्या तोंडी कसं पाठवू?’’

मॅजेस्टिकला, स्टेशनवर, मिरजेकडची गाडी संध्याकाळी सुटायची. तिच्या टपालाच्या डब्यात सुट्टीच्या दिवशीही पत्र घेतात, जादा तिकीट लावलं की झालं. तीन तास ते फलाटावरच्या बाकावर बसून होते. पांढरा सदरा दिसला की खांबाआड सरकत होते. गाडी लागली तसे ते टपालाच्या डब्याशी गेले.

‘‘शनिवारी पोचेल?’’ त्यांनी आतल्या माणसाला विचारलं.

त्यानं पत्ता वाचला. ‘‘शनिवारच्या वाटपात मिळेल, सार. द्या.’’

संताजीरावांनी पाकीट पुढं केलं. पिनकोड बरोबर आहे ना? चाळीसच मोजले होते ना, की घाईत मोजले? त्या माणसानं पाकिटाचं दुसरं टोक धरलं, ओढलं, आणि थांबला.

‘‘सोडा की, सार,’’ तो म्हणाला.

त्यांनी सोडलं.